न सांगितलेले आठ दिवस

“मोजे काढ.”

“थंडी वाजते.”

“पंख्याखाली बसली आहेस आणि थंडी वाजते?”

थोरलीने मोजे आणखी वर ओढले. रविवारची सकाळ होती. नखं कापायची होती, केस धुवायचे होते, न्हाणीघरात गरम पाणी काढून ठेवलं होतं. गेला आठवडाभर ही पोरगी घरातसुद्धा शाळेचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून फिरत होती. मला वाटलं, असेल एखादं नवं खूळ. दहा वर्षांच्या मुलींना दर महिन्याला एक खूळ लागतं. पण आता मोज्यांना वास मारायला लागला होता. मी तिचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि मोजा खाली खेचला. ती कळवळून ओरडली. मोजा एका जागी कातडीला चिकटला होता.

पोटरीवर दोन भोकं होती. त्यांच्यावर काळपट खपली, भोवती लाल सूज, आणि त्या सगळ्यावर वाळून पांढरी झालेली टूथपेस्ट. बाजूने एक लांब ओरखडा थेट घोट्यापर्यंत गेला होता.

“हे काय आहे?”

“खिळा लागला. बाकाचा.”

“खिळा नाही काही, कुत्रा,” मागून आवाज आला. धाकटी बाहुली काखेत धरून दारात उभी होती. थोरलीने तिच्याकडे असं काही पाहिलं, की धाकटीने घाईघाईने बाहुलीच्याच तोंडावर हात ठेवला.

“कधी?”

थोरलीने पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला.

“कधी चावला, विचारतेय मी.”

“मागच्या शनिवारी,” थोरली म्हणाली.

मी बोटांवर मोजले. आठ दिवस. पुन्हा मोजले, तरी आठच भरले.

मी कपड्यांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला शर्ट माझ्या टेबलावर येतो. कॉलर, बाह्या, काजं, बटणं, सगळं मी दिव्याखाली बघते आणि जिथे चूक दिसेल तिथे एक लाल बाण चिकटवते. बाण लागलेला शर्ट मागे जातो. चौदा वर्षं हेच काम करतेय. कारखान्यात मला पाठीमागे ‘बाणवाली’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग नाही. माझ्या हातून सुटलेला शर्ट परत आल्याचं क्वचितच घडलंय.

माझी आई मला मारायची. पेला फुटला तर मार, दूध सांडलं तर मार. का मारलं, हे ती कधी सांगत नसे, आणि मलाही मार आठवायचा, कारण आठवायचं नाही. थोरली जन्मली त्याच दिवशी मी ठरवलं, आपण मुलांवर हात उगारायचा नाही. काही बिघडलं, तर शांतपणे समोर बसवायचं आणि विचारायचं, “यातून काय शिकलीस?” मुलीने तिच्या शब्दांत उत्तर द्यायचं. नीट आलं नाही, तर पुन्हा विचारायचं. छत्री बसमध्ये राहिली, त्यातून धडा. उकळतं दूध उतू गेलं, त्यातून धडा. धाकटीने कात्रीने स्वतःचीच बट कापली, त्यातून तर पाऊण तासाचा धडा झाला. मी कधी आवाज चढवला नाही. शेजारणीला कौतुकाने सांगायचे, की आमच्याकडे मारझोड अजिबात नाही.

धाकटी तिच्या बाहुलीला भिंतीशी उभी करून विचारायची, “यातून काय शिकलीस? नाही, नीट सांग. तुझ्या शब्दांत सांग.” मी हसायचे. आमचे हे ट्रकच्या फेरीवरून घरी आले, की ते ऐकून हसायचे. थोरली मात्र त्या खेळात कधी हसली नाही, हे मला त्या रविवारी आठवलं.

सरकारी दवाखान्यात रविवारी एकच डॉक्टर होती. वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने जखम पाहिली, केसपेपर पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“आठ दिवस? आणि आज आणताय?”

मी कारखान्यात रोज बावीस मुलींना कारणं विचारते आणि इथे मी ओढणीचं टोक सरळ करत राहिले.

“मीच सांगितलं नव्हतं,” थोरली म्हणाली.

डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही. नर्सने जखम साबणाने धुतली, बराच वेळ, नळाच्या धारेखाली. मग जखमेतच सुई घालून औषध सोडलं आणि दंडात लस टोचली. थोरलीने माझा हात धरला नाही. टेबलाची कड धरली.

“अशी एकूण पाच इंजेक्शनं,” डॉक्टर म्हणाली. “एकही चुकवायचं नाही. उशीर झालाय, पण सुरू केलंय हे बरं झालं. कुत्रं ओळखीचं आहे का?”

“हो,” थोरली म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

“मग त्याला शोधा. चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. इंजेक्शनं तुम्ही घ्यायचीच, पण जिवाला घोर राहणार नाही.” मग मला बाजूला घेऊन तिने आवाज खाली आणला. “ताप आला, पायात मुंग्या आल्या, पाणी गिळताना त्रास झाला, तर तसंच उचलून घेऊन या. वाट बघायची नाही.”

तिने आवाज खाली आणला होता, पण खोली लहान होती.

आम्ही चालत निघालो. माझ्या मनात शंभर प्रश्न होते आणि प्रत्येकाच्या शेपटाला एकेक धडा लटकलेला होता. थोरलीच म्हणाली, “विचार ना आता.”

“काय विचारू?”

“यातून काय शिकलीस.”

मी रस्त्यातच थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं आणि शेजारी बसले. “काय झालं ते सांग फक्त,” मी म्हटलं.

तिने सांगितलं. गोदामामागच्या बोळात एक कुत्री असायची. पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून हिने तिचं नाव ठिपकी ठेवलं होतं. त्या बोळातून जायचं नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं, कारण तिथे ही एकदा गटारात पडली होती. तो धडा तिला पाठ होता. पण दुसराही एक धडा पाठ होता. डबा अर्धा परत आणायचा नाही, अन्न टाकायचं नाही. डब्यात मी चार ब्रेड देत होते. तिला दोनच जात होते.

“मग उरलेले ठिपकीला द्यायचे. टाकले असं नाही ना होत. रोज द्यायचे. शेपूट हलवायची ती. त्या दिवशी मी ब्रेड पुढे केला, तर तिने बघितलंच नाही. गुरगुरली. मी जवळ बसले आणि ती एकदम चावली.”

“एकदम? काही न करता?”

“हो. वेगळीच दिसत होती ती. डोळे वेगळे.”

चेहरा सरळ ठेवत मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस? मी कधी मारते का तुला?”

तिने खूप वेळ बुटाची नाडी ओढली, सोडली.

“मारलं असतंस तर पटकन संपलं असतं,” ती म्हणाली. “तू बसवून ठेवतेस. मग मला माझ्या शब्दांत सांगावं लागतं, की मी कशी चुकले. यात तर दोन दोन धडे होते. बोळाचा आणि डब्याचा. मला ते जुळवताच येईनात.”

मी उठले, तिचं दप्तरही नव्हतं की ते तरी हातात घ्यावं.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, आठ दिवस, बोळ, डॉक्टर, पाच इंजेक्शनं. हे कुठल्यातरी ढाब्यावर होते, मागे गाड्यांचा आवाज. “तिला दे फोन,” म्हणाले. मी फोन तिच्या कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं, “खूप दुखतंय का गं बाळा?”

“आता नाही. आधी खूप दुखायचं. चालताना,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सकाळपासून मी तिला इतकं विचारलं होतं, पण दुखतंय का, हे विचारलं नव्हतं.

सोमवारी कामावर रजा टाकली आणि एकटीच बोळात गेले. एका बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. चार कुत्री होती, त्यांत ठिपक्यांची एकही नव्हती. गोदामाचा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

“दादा, इथे एक पांढरी कुत्री असते, काळ्या ठिपक्यांची. पाहिलीत का?”

“असायची. आठवडा झाला, दिसली नाही.” मग तो खुर्चीत पुढे सरकला. “का? चावली का कुणाला?”

“माझ्या मुलीला.”

“अरे देवा.” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “ताई, घाबरवत नाही, पण बुधवारी एक कुत्रं त्या गटाराच्या कडेला मेलं. तोंडातून फेस येत होता. पालिकेची गाडी घेऊन गेली.”

“ठिपकी होती ती?”

“आता कसं सांगू? चिखलाने माखलेलं होतं. ठिपके होते की चिखल होता, देव जाणे.”

त्याने खुर्ची दिली, पण मी बसले नाही. पालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडून दाखवलं. ‘मृत श्वान, एक.’ पुढे रंगाचा रकानाच नव्हता. मी ती ओळ तीनदा वाचली, जणू काही तिसऱ्या वेळी रंग उमटणार होता.

घरी आले तर थोरली दारातच उभी होती.

“सापडली?”

“नाही. उद्या बघू,” मी म्हटलं, आणि पटकन स्वयंपाकघरात गेले.

त्या दिवशी मी तिच्यावर नजर ठेवून होते. कपाळाला हात लावून बघायचे. पाय हलवला, की मुंग्या आल्या का, विचारायचे. जेवताना तिने पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला.

“पी ना.”

“नको.”

“का नको? थोडं पी.”

“तहान नाही, आई.”

“पी म्हणते ना मी!”

माझा आवाज इतका चढला, की धाकटीच्या हातातला घास तसाच राहिला. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग पेला दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या डोळ्यांत बघत, एकेक घोट घेत, सगळं पाणी संपवलं.

“बघ,” पेला उपडा करून ती म्हणाली. “जातंय.”

तेव्हा मला कळलं, की दवाखान्यात तिने सगळं ऐकलं होतं. रविवारपासून तीही प्रत्येक घोट मोजत होती.

मंगळवार दहावा दिवस होता. “मी येणार,” थोरली म्हणाली. “तुला ओळखता येणार नाही, आणि ती कुठे कुठे बसते ते तुला माहीत नाही.” मी नको म्हणणार होते. गटाराजवळच्या त्या मेलेल्या कुत्र्याबद्दल तिला कुणी सांगितलं तर, या भीतीने मी आदल्या रात्रीपासून अर्धी झाले होते. पण तिच्याशिवाय मला खरोखरच काही जमणार नव्हतं. धाकटीला शेजारणीकडे सोडलं आणि आम्ही दोघी निघालो.

बोळात मी मुद्दाम वॉचमनच्या बाजूने चालले नाही. थोरली पुढे, लंगडत, पण झपझप. गोदामाची मागची पायरी बघितली, नाही. पिठाच्या गिरणीचं छप्पर, नाही. “दुपारी ऊन असलं की ती इथे नसते,” ती सांगत होती. “पाण्याच्या टाकीखाली जाते.” टाकीखाली ओल होती आणि एक मांजर होतं. ती वाकून बघायची, “ठिपके, ए ठिपके” अशी हाक मारायची आणि सरळ व्हायची. दर वेळी सरळ व्हायला तिला जरा जास्त वेळ लागत होता. दोन तास झाले. मला ते रजिस्टर दिसत होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, की चल घरी.

कोपऱ्यावर जिन्याखाली एक लाँड्री होती. लाँड्रीवाला म्हातारा इस्त्री उभी करून आमच्याकडे बघत होता.

“काय शोधताय?”

“कुत्री,” थोरली म्हणाली. “पांढरी, ठिपक्यांची. ती आहे का, एवढंच बघायचंय.”

म्हाताऱ्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. “आत या.”

कपड्यांच्या गाठोड्यांमागे, एका फाटक्या चादरीवर ती पडली होती. पुढच्या पायाला पट्ट्या बांधून लाकडाच्या दोन फळ्या लावल्या होत्या. आम्हाला पाहून तिने मान उचलली आणि शेपूट चादरीवर एकदा आपटली.

“गेल्याच्या गेल्या शनिवारी सकाळी हातगाडीचं चाक गेलं पायावरून,” म्हातारा म्हणाला. “हाड मोडलं. दिवसभर तशीच बोळात पडून होती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. संध्याकाळी पोतं टाकून उचलली तिला. माझ्याही अंगावर आली होती. दुखत होतं बिचारीला, काय करणार.”

“खाते का?” मी विचारलं.

“खाते की.”

“पाणी?”

त्याने पत्र्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. ठिपकीने त्यात तोंड घातलं आणि लपलप पाणी प्यायला लागली. थांबून श्वास घेतला आणि पुन्हा प्यायली. आयुष्यात मी कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नसेल. पाणी संपलं, तेव्हा मी गाठोड्यावर बसले होते. कधी बसले, ते मला आठवत नाही. म्हाताऱ्याने न विचारता माझ्यापुढेही पाणी धरलं.

थोरली जवळ गेली नाही. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून मागे उभी राहिली. मग खिशातून कागदात गुंडाळलेले दोन ब्रेड काढले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिले. “तुम्ही द्या तिला,” म्हणाली. “तिचा पाय बरा होईपर्यंत मी लांबून बघेन.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना वॉचमन समोरच आला. “सापडली का हो ताई? नाहीतर ते गटारातलं मेलेलं—”

“सापडली दादा, सापडली,” मी त्याला मधेच तोडलं. पण थोरलीने ऐकलं होतं. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, “कुठलं मेलेलं?”

मी खोटं बोलू शकले असते.

“गेल्या बुधवारी एक कुत्रं मेलं होतं इथे. ते ठिपकीच असेल, असं मला वाटलं. काल कळलं होतं.”

“मग काल का नाही सांगितलंस?”

“भीती वाटली.”

ती चालत राहिली. दहा-बारा पावलं गेल्यावर म्हणाली, “मलापण तशीच वाटली होती.” आणि तिने माझा हात धरला.

एवढ्याने सगळं सरळ झालं, असं सांगितलं तर ती लोणकढी थाप होईल. दहा वर्षांची सवय होती. पुढच्याच आठवड्यात धाकटीने शाईची बाटली उपडी केली आणि मी खुर्ची ओढून समोर बसलेसुद्धा. ती भिंतीला टेकून, हात मागे घेऊन, तयारीने उभी राहिली. मी तशीच उठले आणि फडकं शोधायला गेले. कारखान्यातही दोन शर्ट माझ्या हातून निसटले आणि सुपरवायझर म्हणाली, “ताई, हल्ली लक्ष कुठे असतं?” इंजेक्शनांच्या तारखा कॅलेंडरवर होत्या. प्रत्येक वेळी थोरली दंड पुढे करायची, घरी यायची, अभ्यासाला बसायची. विचारलं तेवढं बोलायची. “शाळेत काय झालं?” “काही नाही.” “सगळं ठीक?” “हो.” ती काही लपवतेय की खरंच काही नाहीये, हे मला ओळखता येत नव्हतं. कापडाची उलटी बाजू बघता येते. मुलीचं तसं नसतं. ती आपण होऊन दाखवेल तेव्हाच बघायची.

पाचवं इंजेक्शन चौथ्या रविवारी झालं. डॉक्टर तीच होती. तिने जखमेवरून बोट फिरवलं, केसपेपरवर सही केली आणि “झालं,” म्हणाली. आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. गर्दी नव्हती. थोरली खिडकीशी, मी शेजारी. तिने दंडावरचा कापूस धरून ठेवला होता. मी मनातल्या मनात संध्याकाळची कामं लावत होते.

“आई.”

“हं.”

“शुक्रवारी मी आमच्या बाईंच्या चष्म्यावर बसले.”

मी वळून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“मुद्दाम नाही. त्यांनी खुर्चीवर ठेवला होता. मी फळा पुसायला गेले आणि जरा वेळ बसले. कडकन आवाज झाला. अजून कुणालाच माहीत नाही. बाई अख्खा तास पुस्तक लांब धरून वाचत होत्या. असं.” तिने हात लांब करून दाखवलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि डोळ्यांत भीती.

माझ्या तोंडात शब्द येऊन उभे राहिले. पुष्कळ होते, आणि सगळे रांगेत होते. मी बसच्या तिकिटाची घडी घातली. त्या घडीची घडी घातली.

“मग?” मी म्हटलं.

“मग ना...” ती माझ्याकडे वळून, पाय वर घेऊन बसली. “तू कुणाला सांगणार नाहीस ना? मग असं झालं, की...”

आमचा थांबा आला. दार उघडलं, दोन माणसं उतरली, एक बाई चढली. थोरली हातवारे करून सांगत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी जागेवरून हलले नाही. दार बंद झालं आणि बस आमच्या घराच्या गल्लीवरून पुढे निघून गेली.